जाणून केलेले आणि न जाणता केलेले

ज्ञान मिळवायचे तर उपजीविकेच्या व्यापातून काही काळ तरी बाजूला व्हावे लागते, हा विचार भारतीय परंपरेत इतका खोलवर रुजलेला आहे की आश्रमव्यवस्थेने विद्यार्जनासाठी आयुष्याचा एक स्वतंत्र टप्पाच राखून ठेवला. आणि वेदान्ताने ‘अधिकार’, म्हणजे एखादे ज्ञान ग्रहण करण्याची पात्रता, ठरवताना वैराग्याला मोठे महत्त्व दिले. या चौकटीत अर्धवेळ शिकणारा माणूस सहजासहजी बसत नाही. ज्याचा दिवस बंदरावर, बर्फाच्या कारखान्यात किंवा मासळी प्रक्रिया केंद्रात जातो आणि जो उरलेल्या वेळात किनाऱ्यावरच्या महाविद्यालयात सागरी जीवशास्त्र व समुद्रसंवर्धन शिकतो, तो समुद्रापासून अलिप्त होऊन समुद्र जाणू पाहत नाही. ज्या समुद्रातून त्याचे घर चालते तोच त्याच्या अभ्यासाचा विषय असतो. ही स्थिती ज्ञानाच्या दृष्टीने उणी आहे की उलट तिच्यातच ज्ञानाचा नैतिक प्रश्न सर्वांत धारदारपणे उभा राहतो, याचा विचार व्हायला हवा.

रत्नागिरीचा किनारा या विचारासाठी सोयीचा आहे, कारण तेथे ज्ञान आणि धंदा शेजारीशेजारी वाढले. सागरी जीवशास्त्रीय संशोधन केंद्र तेथे १९५८ पासून आहे आणि शिरगावचे मत्स्य महाविद्यालय १९८१ मध्ये सुरू झाले. त्याच शहरातील मिरकरवाडा बंदरावर कोकणातील मोठ्या मासळी बाजारांपैकी एक रोज भरतो. अर्धवेळ अभ्यासाला उच्च शिक्षणाच्या नियमांनीही जागा दिली आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२ च्या नियमावलीने पीएच.डी.चे संशोधन अर्धवेळ करण्यास मुभा देताना, नोकरी करणाऱ्याने आपल्या कार्यालयाकडून ना हरकत प्रमाणपत्र आणावे आणि अभ्यासाला पुरेसा वेळ देता येईल हे त्यातून स्पष्ट व्हावे, अशी अट घातली. ही विचारणा वेळेची आहे. वेळेचा प्रश्न खराही आहे, कारण ओहोटीत उघडा पडणारा खडकाळ किनारा पाहायचा तर अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणालाच तो नीट दिसतो, अष्टमीच्या सुमारास येणाऱ्या भांगाच्या भरती-ओहोटीत पाणी फारसे हटतच नाही आणि साप्ताहिक सुट्टी तिथी पाहून येत नाही. तथापि वेळेपेक्षा अवघड असे काही या विद्यार्थ्याच्या वाट्याला येते आणि ते कोणत्याही प्रमाणपत्रात लिहिता येत नाही.

प्रयोगशाळेतील एक साधे काम पाहिले की ते ध्यानात येते. लिलावातून आणलेला मासा मोजपट्टी बसवलेल्या फळीवर ठेवून मुस्कटापासून शेपटीच्या टोकापर्यंत त्याची लांबी घेतात, मग गुदद्वारापासून पुढे पोट उघडतात आणि जननग्रंथी पाहतात. मादी अपरिपक्व असेल तर अंडाशय दोन बारीक, जवळजवळ पारदर्शक पट्ट्यांसारखा पाठीच्या कण्याला चिकटलेला असतो. ती विणीला आलेली असेल तर तोच अंडाशय पोटाची बहुतेक पोकळी भरून टाकतो आणि त्यातील दाणे नुसत्या डोळ्यांनी मोजता येतील इतके ठसठशीत होतात. पुढे डोक्यातून कर्णाश्म काढतात. कर्णाश्म म्हणजे माशाला तोल आणि आवाज कळावा म्हणून त्याच्या अंतःकर्णात तयार होणारा चुनखडीचा लहानसा खडा. तो घासून सूक्ष्मदर्शकाखाली धरला की त्यात वलये दिसतात, आणि लहान माशांत ही वलये रोज एक या हिशेबाने साठत जातात, हे ज्योर्जिओ पानेला या संशोधकाने १९७१ मध्ये दाखवून दिले. अशा अनेक माशांच्या नोंदी एकत्र केल्या की ‘प्रथम परिपक्वतेची लांबी’ ठरते, म्हणजे ज्या लांबीला त्या जातीतील निम्म्या माद्या पहिल्यांदा विणीसाठी तयार झालेल्या आढळतात ती लांबी. ज्याने हे काम स्वतःच्या हाताने केले आहे त्याला दुसऱ्या दिवशी बंदरावर उतरणाऱ्या टोपलीत आयुष्यात एकदाही न व्यालेले मासे किती आहेत, हे मोजपट्टीवाचून दिसू लागते. टोपली तीच असते, मासे तेच असतात, पाहणारा मात्र पूर्वीचा राहिलेला नसतो.

येथे प्रश्न असा उभा राहतो की जे पूर्वी न जाणता घडत होते ते आता जाणून घडू लागले, म्हणून करणाऱ्याचा दोष वाढला काय? धर्मशास्त्राचे उत्तर बरेचसे स्पष्ट आहे. मनुस्मृतीच्या प्रायश्चित्तविषयक अकराव्या अध्यायात अकामतः, म्हणजे हेतू नसताना घडलेले पाप आणि कामतः, म्हणजे हेतुपूर्वक केलेले पाप असा भेद केला आहे. पहिल्याला प्रायश्चित्त आहे याविषयी जाणत्यांचे एकमत सांगितले आहे, तर दुसऱ्यालाही ते आहे हे मत ‘काहींचे’ म्हणून नोंदवले आहे. बुद्धिपूर्वक केलेल्या कृतीचे ओझे अधिक, हा न्यायबुद्धीला सहज पटणारा विचार त्यामागे आहे. या हिशेबाने पाहिले तर सागरी जीवशास्त्राचा वर्ग अर्धवेळ विद्यार्थ्याला शहाणा करीत असतानाच सदोषही करतो आणि शेजारच्या होडीवरचा खलाशी केवळ वर्गात न गेल्यामुळे त्याच्यापेक्षा निर्दोष ठरतो.

या निष्कर्षात काहीतरी चुकते आहे, ही जाणीव प्राचीनांनाही होती. ‘मिलिंदप्रश्न’ या पाली ग्रंथात राजा मिलिंद भिक्षू नागसेनाला नेमके हेच विचारतो की जाणून पाप करणारा आणि न जाणता करणारा यांपैकी कोणाचे अपुण्य मोठे. आणि नागसेन सर्वांच्या अपेक्षेविरुद्ध उत्तर देतो की न जाणणाऱ्याचे. तापवून लाल केलेला लोखंडी गोळा दोघांनी हातात घेतला, एकाला तो तापलेला आहे हे माहीत आहे आणि दुसऱ्याला नाही, तर अधिक कोण भाजेल, असे तो राजाला विचारतो. उत्तर उघड आहे, कारण ज्याला माहीत नाही तो गोळा घट्ट धरतो. धर्मशास्त्र कर्त्याच्या अपराधाचे मोजमाप करते, तर नागसेनाचे लक्ष कृतीच्या परिणामाकडे आहे. आणि समुद्राच्या बाबतीत ही दुसरी दृष्टी अधिक खरी वाटते, कारण माशांची पिढी खुंटते ती पकडणाऱ्याच्या हेतूने खुंटत नाही. बारीक आसाच्या (विणीतील छिद्रांच्या) जाळ्याचा खोला, म्हणजे जाळ्याच्या शेपटाकडचा जेथे मासळी साचते तो भाग, जाणत्याच्या हातात असो वा अजाणाच्या, पिल्ले सारखीच धरतो.

पण नागसेनाचा दृष्टान्तही एका ठिकाणी अपुरा पडतो. गोळा तापलेला आहे हे कळले की माणूस तो टाकून देतो. समुद्रावर जगणाऱ्या माणसाला कळल्यावरही जाळे टाकून देता येत नाही. या अडचणीला जैन विचार अधिक जवळून भिडतो. उमास्वातींच्या तत्त्वार्थसूत्रात हिंसेची व्याख्या करताना केवळ प्राणहरण पुरेसे मानलेले नाही. प्रमादाच्या योगाने झालेले प्राणहरण ती हिंसा, असे म्हटले आहे, आणि प्रमाद म्हणजे बेसावधपणा, जे पाहता येत होते ते न पाहणे. या व्याख्येमुळे जाणता आणि अजाण हा भेदच दुय्यम ठरतो. ज्याला कळण्याचा मार्गच नव्हता तो प्रमत्त नाही. ज्याला कळत असूनही तो कमीत कमी घात होईल असे वागतो तोही प्रमत्त नाही. प्रमत्त तो, ज्याच्या पुढ्यात कळण्याची संधी होती आणि ज्याने मान वळवली. अशा रीतीने अभ्यास हाच सावधपणाचा एक प्रकार ठरतो आणि न शिकणे हे निर्दोष राहण्याचे साधन उरत नाही.

महाभारताच्या वनपर्वातील धर्मव्याधाची कथा याच अंगाने वाचली पाहिजे. आपल्या तपाचा अभिमान असलेला कौशिक ब्राह्मण धर्म समजून घेण्यासाठी मिथिलेच्या बाजारात मांस विकणाऱ्या व्याधाकडे पाठवला जातो, आणि तो व्याध आपला व्यवसाय लपवत नाही, त्याचे गोडवेही गात नाही. आपण स्वतः प्राणी मारीत नाही, दुसऱ्यांनी मारलेल्यांचे मांस विकतो, हे तो सांगतो. परंतु तेवढ्यावर स्वतःला मोकळे न करता, नांगर चालवणाऱ्या शेतकऱ्याकडूनही जमिनीतले असंख्य जीव मरतात आणि जगात सर्वथा अहिंसक असा कोणी नाही, हेही तो दाखवून देतो. या कथेचा उपयोग पुष्कळदा ‘स्वकर्म सोडू नये’ एवढेच पटवण्यासाठी केला जातो आणि तो अपुरा आहे. व्याधाचे मोठेपण तो दुकान चालू ठेवतो यात नाही, दुकानात बसूनही तो हिंसेचा पूर्ण हिशेब डोळ्यांसमोर ठेवतो, यात आहे.

हा हिशेब केवळ मासे पकडणाऱ्यालाच द्यावा लागतो असे मानणे अन्यायाचे होईल. रत्नागिरी जिल्ह्यातील वेळास येथे चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेने २००२ मध्ये ऑलिव्ह रिडले कासवांच्या संरक्षणाचे काम सुरू केले आणि ते पुढे कोकणातील अनेक गावांनी उचलले. विष्णूच्या कूर्मावतारामुळे पूज्य असलेल्या या प्राण्याची अंडी एके काळी किनाऱ्यावर सर्रास उकरली जात होती, ही गोष्टच सांगते की पूज्यभाव आपोआप संरक्षणात उतरत नाही. संरक्षणासाठी ही अंडी घरट्यातून काढून कुंपण घातलेल्या उबवणी केंद्रात पुन्हा पुरतात. आणि कासवाच्या पिल्लाचे लिंग वाळूच्या तापमानावर ठरते, साधारण २९ अंश सेल्सिअसच्या वर माद्यांचे आणि त्याखाली नरांचे प्रमाण वाढते, हे ज्याने शिकले त्याला कळते की अंडी सावलीत पुरायची की उन्हात हा निर्णयदेखील निरुपद्रवी नाही. वाचवणाऱ्या हातालाही जाणून केलेल्या कृतीचे दायित्व चुकत नाही, कारण जे काम पूर्वी ऊन, वाळू आणि कासवीची निवड मिळून करीत होती ते आता माणसाने अंगावर घेतले आहे.

श्रद्धेने घातलेल्या संयमाला अशा हिशेबाची गरज नव्हती, असा एक आक्षेप येथे येऊ शकतो आणि त्यात तथ्य आहे. नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ अर्पण केल्याशिवाय होडी पाण्यात न लोटण्याची कोळी समाजाची रीत शासनाच्या बंदीकाळापेक्षा जुनी आहे, आणि पुष्कळदा ती अधिक कडकही ठरते, कारण शासनाची बंदी १ जूनपासून ३१ जुलैपर्यंत असते, तर पौर्णिमा बहुधा ऑगस्टमध्ये येते. परंतु या रितीचे उघड कारण खवळलेला समुद्र हे होते. यंत्रचलित नौका आल्या, हवामानाचा अंदाज मिळू लागला, तसे भय ओसरले आणि भयावर उभा असलेला संयम सैल झाला. पावसाळ्यात अनेक जातींच्या माशांची वीण होते, हे दुसरे कारण मात्र जागचे हललेले नाही, आणि ते पाण्यात शिरून, माशाचे पोट उघडूनच कळते. ज्ञान येथे श्रद्धेच्या विरोधात उभे नसून एका चांगल्या आचाराचे पहिले कारण संपल्यावर त्याला दुसरे कारण पुरवते. समुद्राला देव मानणाऱ्याने या अभ्यासाकडे परक्याचा उद्योग म्हणून पाहण्याचे काहीच कारण नाही.

खरा पेच त्यापुढचा आहे. गीतेच्या तिसऱ्या अध्यायात जाणत्याने कर्मात गुंतलेल्या अजाणांचा बुद्धिभेद करू नये, म्हणजे त्यांची समजूत विस्कटू नये, स्वतः नीट कर्म करीत त्यांनाही कर्मात राहू द्यावे, असा उपदेश आहे. तो लोकसंग्रहासाठी, समाज एकत्र टिकून राहावा यासाठी आहे आणि त्याचे मोल कमी नाही. पण तांडेलाच्या, म्हणजे नौकेच्या प्रमुखाच्या, हाताखाली काम करणारा अर्धवेळ विद्यार्थी तो अक्षरशः पाळू लागला तर त्याचे ज्ञान त्याच्यापुरतेच राहील आणि खोल्याचा आस आहे तेवढाच राहील. समाज ज्याच्यावर जगतो तो मासाच संपत असेल तर लोकसंग्रहासाठीच थोडा बुद्धिभेद करावा लागतो. तो कोणत्या तोंडाने करावा हेही महत्त्वाचे आहे. बाहेरून आलेल्या तज्ज्ञाचे बोलणे बंदरावर उपदेश म्हणून ऐकले जाते. त्याच फेरीतला वाटा घेणाऱ्याने तेच म्हटले तर ते आपल्या पोटावरही येणार हे जाणून तो बोलतो आहे, एवढे तरी ऐकणाऱ्यांना मान्य करावे लागते. अधिकार वैराग्यातून येतो असे वेदान्त मानतो. किनाऱ्यावर मात्र तो पुष्कळदा सहभागातून येतो, असे म्हणणे भाग आहे.

आणि तरीही नौका त्याची नसते, जाळे त्याचे नसते, डिझेलचे कर्ज मालकाच्या डोक्यावर असते. ज्याला कळते पण ज्याच्या हातात काही नाही त्याचे काय, याला जैन आचारशास्त्रातील कृत, कारित आणि अनुमोदित या भेदाने थोडी वाट मिळते: स्वतः करणे, दुसऱ्याकडून करवणे आणि दुसऱ्याने केलेल्याला मनाने संमती देणे. पोटासाठी पहिल्यातून सुटका नसलेला माणूसही तिसरे नाकारू शकतो, आणि ही नकाराची भूमिका केवळ मनातली राहत नाही. महाराष्ट्र शासनाने २०२३ मध्ये पापलेटला राज्यमासा घोषित केले आणि त्याच वर्षी ५४ जातींच्या माशांसाठी पकडण्यायोग्य किमान लांबी ठरवून दिली. अशा मर्यादा ज्या आकड्यांवर उभ्या असतात ते बंदरावरच्या टोपल्यांतून, मोजपट्टीवर एकेक मासा ठेवूनच जमतात. संध्याकाळी ती फळी पुढ्यात घेणारा विद्यार्थी सकाळी आपल्याच नौकेने आणलेल्या लहान माशांच्या लांब्या जशाच्या तशा लिहितो, तेव्हा उद्या आपल्याच नौकेला बांधणाऱ्या नियमाचा पुरावा तो तयार करीत असतो.