"तुम्ही पुढे व्हा" म्हटल्यावर…



जांबोटीपुढं गवाळी-चापोलीच्या रानात म्हादई नदीचा वज्रपोहा धबधबा आहे. आम्ही बेळगावच्या सेवेकरी भगिनी एका दिवसात जाऊन यायचं म्हणून निघालो. दुसऱ्या खड्या चढणीला एका वैनींचे गुडघे बोलू लागले. "तुम्ही पुढे व्हा, मी इथंच जप करते," त्या म्हणाल्या. आम्ही लगेच निघालो!

धबधबा पाहिला, फोटो काढले. परतलो तर वैनी एकट्याच दगडावर. हसून विचारलं, "पाणी कसं होतं?" आम्हां कुणालाच बोलता येईना.

"पुढे व्हा" म्हणणं हा त्यांचा मोठेपणा. पण त्यांनी सोडलं म्हणून आपण सुटतो का? घरी सासूबाई "मला काही नको" म्हणतात, तेव्हाही आपण असंच लगेच निघतो ना? आमच्यातली एक जरी मागं थांबली असती, तरी त्या दिवसाची सेवा झाली असती.