वाफा बोलत नाही, माणूस बोलतो

आप्पाच्या तरुण मुलाला दुचाकीच्या अपघातात मानेच्या मणक्याला मार बसला, त्याला तीन महिने झाले. पाय हलत नाहीत. मनगट उचललं जातं, पण बोटं मिटत नाहीत. एका खासगी केंद्राने मूलपेशींच्या इंजेक्शनांसाठी मोठी रक्कम सांगितली आहे आणि आप्पा दोन एकर विकायला निघाला आहे. त्याची थोरली बहीण, अक्का, फिजिओथेरपिस्ट आहे.

आप्पा : अक्का, तू एकदा हो म्हण. तू हो म्हटलीस की घरातलं कुणी आडवं येणार नाही.

अक्का : हो म्हणावं असं त्यांनी काय दाखवलं तुला?

आप्पा : व्हिडिओ दाखवले. खाटेला खिळलेला पोरगा सहा महिन्यांनी कठड्याला धरून उभा. आणि जपानचं तर तूच सांगितलंस.

अक्का : सांगितलं, आणि ते खरंच आहे. टोकियोच्या केइओ विद्यापीठात चार रुग्णांच्या मज्जारज्जूत प्रत्येकी वीस लाख पेशी सोडल्या. साध्या पेशीला मागे नेऊन पुन्हा मूलपेशी करायची वाट यामानाका या शास्त्रज्ञाने २००६ साली दाखवली, त्याच वाटेने तयार केलेल्या. २०२५ च्या मार्चमध्ये त्यांनी जाहीर केलं, की दोघांची हालचाल सुधारली आणि त्यातला एक जण आधाराशिवाय उभा राहिला.

आप्पा : मग अडलं कुठे?

अक्का : तो अभ्यास मुख्यतः सुरक्षिततेचा होता. पेशी न दिलेले रुग्ण तुलनेला नव्हते. मार बसल्यावर पहिल्या काही महिन्यांत काही जण आपसूकच थोडे सुधारतात. सूज उतरते, वाचलेल्या नसा कामाला लागतात. तू नवं खत टाकतोस, पीक जोमात येतं, पण त्या साली पाऊसही चांगला झालेला असतो. गुण कुणाचा? म्हणून तू एक वाफा बिनखताचा ठेवतोस.

आप्पा : वाफा बोलत नाही, अक्का. माणूस बोलतो. रात्री अडीचला हाक मारून विचारतो, बाबा, मी उठणार का? त्याला काय सांगू, तू बिनखताचा वाफा आहेस म्हणून?

अक्का : नाही. असं कुणालाच सांगता येणार नाही.

आप्पा : पण शास्त्रज्ञ सांगतात ना!

अक्का : सांगतात, आणि त्याचा मलाही त्रास होतो. अमेरिकेत पार्किन्सन्सच्या चाळीस रुग्णांवर असा प्रयोग झाला. वीस जणांच्या मेंदूत गर्भातल्या पेशी सोडल्या. उरलेल्या वीस जणांच्या कवटीला भोकं पाडली, आत काहीच सोडलं नाही. कुणाला काय मिळालं हे रुग्णांना ठाऊक नव्हतं.

आप्पा : हे पाप नाही?

अक्का : मी पुष्कळ विचार केला. असं होऊ शकेल हे त्यांना आधी सांगितलं होतं, त्यांनी कबूल केलं होतं, आणि पुढे त्यांनाही पेशी घ्यायची मुभा ठेवली होती. २००१ साली निकाल छापून आला. साठीपुढच्यांना फायदा दिसला नाही. पेशी घेतलेल्यांपैकी १५ टक्क्यांना नंतर अंगाच्या अशा हालचाली सुरू झाल्या की औषध कमी करूनही थांबेनात. ते वीस जण नसते, तर हेच ऑपरेशन गावोगाव विकलं गेलं असतं.

आप्पा : पण ही पेशी परक्याची नाही. पोराच्याच कमरेच्या हाडातून काढणार. स्वतःचं रक्त स्वतःला काय करणार?

अक्का : लिस्बनला एका मुलीच्या मज्जारज्जूत तिच्याच नाकातल्या अस्तराच्या पेशी भरल्या. आठ वर्षांनी पाठ दुखायला लागली. तपासलं तर त्या पेशींची गाठ झाली होती आणि त्यात शेंबडासारखा द्रव साचत होता. पेशी स्वतःच्या होत्या, जागा त्यांची नव्हती. हाडातल्या पेशींचं असंच होईल असं मी म्हणत नाही. पण ‘स्वतःची’ म्हणजे ‘निर्धोक’ असं म्हणणाऱ्यावर माझा विश्वास नाही.

आप्पा : तू फक्त धोका मोजतेस. काहीच न करण्याचा धोका कोण मोजणार? जपानात तर मार बसल्यावर दोन ते चार आठवड्यांत पेशी दिल्या, तूच म्हणालीस. आमची ती वेळ टळली. थांबायचं म्हणजे आणखी एक वेळ टाळायची.

अक्का : हे मला खोडता येत नाही. विज्ञान आपल्या गतीने चालतं आणि त्याची किंमत आजचा रुग्ण मोजतो. अमेरिकेतल्या जेरॉन कंपनीने २०१० साली भ्रूणपेशींपासून केलेल्या पेशी मज्जारज्जूच्या रुग्णाला पहिल्यांदा दिल्या आणि वर्षभरानंतर पैशाचं कारण देऊन प्रयोग थांबवला. तेव्हा वाट पाहणाऱ्यांचा काय दोष होता? पण आप्पा, ते वीस जण आणि तुझा पोरगा यांच्यात फरक आहे. त्यांनी सोसलं त्यातून पुढच्या माणसाला काही कळलं. इथे पैसे घेणारे नोंद ठेवणार नाहीत, तुलना करणार नाहीत. बिघडलं तरी कुणाला समजणार नाही. तुझ्यानंतर येणाऱ्या बापाला ते पुन्हा तोच व्हिडिओ दाखवतील.

आप्पा : पुढच्या बापाची काळजी मी का करू?

अक्का : नको करूस. पण तुझ्या आधी आलेल्या बापांची नोंद त्यांनी ठेवली असती, तर आज तुला उत्तर मिळालं असतं. ‘आयसीएमआर’, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०१७ च्या नियमावलीत हेच आहे. रक्ताच्या आजारांसारखी मान्य कारणं सोडली, तर मूलपेशी फक्त रीतसर ट्रायलमध्ये द्यायच्या आणि रुग्णाकडून पैसे घ्यायचे नाहीत. ज्याला गुण माहीत नाही, त्याने दाम कशाचे घ्यावेत?

आप्पा : म्हणजे आशा ठेवायची नाही.

अक्का : ठेव. पण कशाची, ते पोराला विचारलंस? २००४ साली अमेरिकेत अशाच रुग्णांना विचारलं होतं, काय परत मिळालं तर जगणं सर्वांत सुधारेल. मानेला मार बसलेल्यांनी सर्वांत वर हात ठेवले, चालणं नाही. तुझ्या पोराचं मनगट उचललं जातं. त्या जोरावर बोटं जुळवून चमचा धरता येतो. ते मी शिकवू शकते. कॅथेटर स्वच्छ राहिला, पाठीला जखमा झाल्या नाहीत, तर तो पुष्कळ वर्षं जगेल. जमिनीचे पैसे त्याला लागणार आहेत.

आप्पा : आणि विचारल्यावर तो म्हणाला, मला इंजेक्शनंच हवीत, तर?

अक्का : तर मी तुमच्याबरोबर त्या केंद्रात येईन. ट्रायलची नोंदणी दाखवा म्हणेन. पैसे का घेता, वर्षाने याला कोण तपासणार, बिघडलं तर जबाबदार कोण, हे विचारेन. नीट उत्तरं मिळाली आणि पैसे मागितले नाहीत, तर माझा विरोध नाही. नाही मिळाली, तर त्याच्या तोंडावर सांगेन की माझा विरोध आहे. तो सज्ञान आहे, माझं न ऐकण्याचा त्याला हक्क आहे. पण त्याने चिडू नये म्हणून मी खोटं हो म्हणणार नाही.

आप्पा : चिडेल तो.

अक्का : चिडू दे. दुसऱ्या दिवशी सकाळी मी व्यायामाला येईनच.