न विचारता केलेलं भलं

कर्जत-खालापूरच्या डोंगरउतारांवर उन्हाळ्यात वणवे लागतात. शेजारचं फार्महाऊस बंद, मालक मुंबईला, आवारात कमरेएवढं वाळलेलं गवत. न विचारता आत शिरून जाळरेषा काढावी का?

2018 मध्ये हाच प्रश्न राउटरबाबत उभा राहिला. लाटव्हियाच्या मिक्रोटिक कंपनीच्या राउटरमध्ये चूक सापडली: बाहेरून कुणीही पासवर्डची फाइल उचलू शकत होतं. कंपनीने एप्रिलमध्येच दुरुस्ती दिली. पण अपडेट करतो कोण? जगभरचे असंख्य राउटर चोरट्यांच्या हाती गेले, भारतातलेही.

तेव्हा एक रशियन भाषक त्याच भोकातून आत शिरला, बाहेरचा प्रवेश बंद करणारे नियम लावले आणि मालकासाठी निरोप ठेवला. त्याच्या म्हणण्यानुसार असे राउटर 1 लाखाहून जास्त. त्याच्याशी बोलले जेमतेम 50 जण; बहुतेक चिडलेले.

चिडणं रास्तच. आपल्या आयटी कायद्याचं कलम 43 विनापरवानगी प्रवेशाला भरपाई लावतं. हेतू अप्रामाणिक असेल, तर कलम 66 त्याला गुन्हा ठरवतं.

पण चोरट्यांच्या हातातला राउटर फक्त मालकाला छळत नाही. तो इतरांवर हल्ले करतो, वणव्यासारखा बांध ओलांडतो. म्हणून मला वाटतं, ‘मला जास्त कळतं’ एवढ्यावर कुणाच्या आवारात शिरायचा हक्क मिळत नाही; तिसऱ्याचं घर जळणार असेल तर मिळतो. तोही जाळरेषेच्या रुंदीइतकाच. गवत कापा, मालकाला कळवा, खिडकीतून डोकावू नका.

आणि मालकाने? गवत वाळायच्या आधी एक फेरी मारावी.