माल गेला की बघू

सांगोला तालुक्यातल्या एका गावात दोन भाऊ राहत होते. वडिलोपार्जित माळरानावर दोघांनी मिळून डाळिंबाची बाग उभी केली होती. थोरला बागेचा जाणकार, धाकटा हिशेबाचा आणि बाजाराचा. थोरल्याची नजर अशी, की पानावर टाचणीच्या डोक्याएवढा तेलकट डाग पडला तरी त्याला तो चालता चालता दिसायचा. हा तेल्या रोग पानावरून फळावर येतो, फळाची साल तडकते, आणि पावसाचं पाणी लागलं की शेजारची झाडंही धरतो. म्हणून डाग दिसला की थोरला जेवणाचं ताट सोडून उठायचा. रोगट फांदी कापायची, फळं गोळा करून बागेबाहेर जाळायची, कात्री औषधाच्या पाण्यात बुडवल्याशिवाय पुढच्या झाडाला लावायची नाही. "आज एका पानावर आहे, उद्या बाग घेऊन जाईल," असं तो मजुरांना बजावायचा. मजूरही ऐकायचे, कारण आसपासच्या बागा बसल्या तेव्हा त्याची वाचली होती.

याच माणसाची खालच्या जबड्यातली एक दाढ किडली होती.

आधी गार पाण्यानं कळ यायची. मग गरम चहानं. मग रात्री आडवं झालं की ठणका सुरू व्हायचा आणि कानापर्यंत चढायचा. त्यानं दाढेत लवंग धरली, तंबाखूची चिमूट धरली, मग मेडिकलमधून गोळ्या आणल्या. एकदा गोळी गिळण्याऐवजी हिरडीवरच धरून ठेवली, तर तिथली कातडी पांढरी पडून सोलून निघाली. बायको म्हणाली, "अहो, सांगोल्याला दातांचा दवाखाना आहे, एकदा दाखवून तर या."

"माल गेला की बघू," तो म्हणाला.

थोरला कंजूष नव्हता. आईच्या मोतीबिंदूला, पुतण्याच्या तापाला तो खिसा रिकामा करायला मागेपुढे बघत नसे. फक्त स्वतःचं दुखणं अंगावर काढायचं, हा त्याचा नेम. अशी माणसं आपल्याकडे घरोघरी आहेत, आणि आपण त्यांचं कौतुक करतो. सोसण्याचं हे कौतुक थांबलं पाहिजे असं मला मनापासून वाटतं. त्यापायी चांगली माणसं हातची जातात.

एके पहाटे ठणका आपोआप थांबला. थोरला खूश झाला. चहा घेताना बायकोला म्हणाला, "बघ, गेली का नाही? उगाच डॉक्टरची भर केली असती." त्या दिवसापासून तो त्या बाजूनं भाकरी चावू लागला.

याच सुमारास धाकट्याच्या मुलाचा दात पडला. मुलगा सातवीत होता. शाळेत कबड्डी खेळताना तोंडावर आपटला आणि वरचा पुढचा दात मुळासकट निघून मातीत पडला. तोंडातून रक्त येऊ लागलं, पोरं ओरडायला लागली. शिपाईमामांनी दात उचलला आणि धोतराच्या सोग्याला घासून पुसायला निघाले, तेवढ्यात वर्गशिक्षिका बाई धावत आल्या.

"मामा, घासू नका. इकडे द्या."

बाईंनी दात पांढऱ्या बाजूनं, म्हणजे ज्या भागानं आपण चावतो तिथं, दोन बोटांत धरला. मुळाला हात लावला नाही. नळाच्या पाण्याखाली क्षणभर धरून माती घालवली. अशा वेळी सगळ्यात उत्तम म्हणजे दात तिथल्या तिथं त्याच्या खाचेत बसवायचा आणि स्वच्छ रुमाल दातांत धरायला लावायचा. पण मुलगा घाबरून तोंड उघडेना. मग बाईंनी खिचडी शिजवणाऱ्या मावशींकडून वाटीभर गार दूध घेतलं, दात त्यात टाकला आणि वडिलांना फोन केला. धाकटा मोटारसायकलवर आला, बाई मुलाला घेऊन मागे बसल्या, वाटी झाकून डब्यात ठेवली होती.

हे सगळं इतकं बारकाईनं सांगायचं कारण आहे. दाताच्या मुळावर नाजूक पेशींचा एक पातळ थर असतो. दात हाडाला धरून राहतो तो त्याच्यामुळे. दात कोरडा पडला की या पेशी मरू लागतात, आणि तासाभरानं वाचण्याजोगं फारसं काही उरत नाही. दुधात त्या जास्त वेळ जगतात, साध्या पाण्यात ठेवल्या तर फुगून फुटतात. कागदात किंवा रुमालात गुंडाळून आणलेला दात म्हणूनच बहुधा कामातून गेलेला असतो. मात्र पडलेला दात दुधाचा असेल, तर तो परत बसवायचा नसतो. खालून येणाऱ्या पक्क्या दाताला त्यानं इजा होऊ शकते. तरीही मुलाला दवाखान्यात न्यायचंच, हिरडी आणि शेजारचे दात तपासायला.

सांगोल्याच्या डॉक्टरीणबाईंनी समोरचे पेशंट थांबवून मुलाला खुर्चीत घेतलं. दात खाचेत बसवला आणि बारीक तारेनं शेजारच्या दातांना जोडला. तार दोन आठवड्यांनी काढायची, तोवर मऊ खायचं, मऊ ब्रशनं दात स्वच्छ ठेवायचे, धनुर्वाताचं इंजेक्शन बघून घ्यायचं, आणि त्याच दोन आठवड्यांत रूट कॅनाल सुरू करायचं. धाकट्यानं विचारलं, "टिकेल ना?"

"आज छातीठोकपणे सांगणार नाही. अधूनमधून फोटो काढून बघत राहू. पण अर्ध्या तासात आणि दुधातून आणलात, म्हणून आशा आहे. संध्याकाळी आला असता तर हेच बोलायला जड गेलं असतं."

तोवर थोरलाही घाईघाईनं पोचला होता. पुतण्याच्या डोक्यावरून हात फिरवून तो डॉक्टरीणबाईंचे आभार मानू लागला. बोलताना त्यांना त्याच्या तोंडात काहीतरी दिसलं. त्यांनी त्याला उजेडात बसवलं. किडलेल्या दाढेखाली हिरडीवर तांदळाच्या दाण्याएवढी पुळी होती, दाबली की पू येत होता.

"दुखत नाही हो आता," थोरला म्हणाला.

"दुखत होती ना आधी? थांबली कशी, सांगते. दाढ बरी झालेली नाही. आतली नस मेली, म्हणून कळवायला कुणी उरलं नाही. जंतू मुळातून खाली हाडात गेलेत. आज फोटो काढू. नस साफ करून दाढ वाचवता येईल, नाहीतर काढू. पण आज."

"ट्रक लागलाय ताई, माल भरायचाय. आठ दिवसांनी येतो."

धाकटा म्हणाला, "दादा, पानावर डाग दिसला तर तू आठ दिवस थांबशील?" थोरला हसला, म्हणाला, "बागेचं वेगळं असतं रे," आणि निघून गेला.

आठ दिवसही लागले नाहीत. एका संध्याकाळी गाल जड झाला. रात्री त्यानं फडकं गरम करून शेकलं. दाताच्या सुजेला बाहेरून शेक द्यायचा नसतो, हे त्याला कुणी सांगितलेलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी सूज हनुवटीखाली दोन्ही बाजूंना उतरली, ताप चढला, तोंड बोटभरही उघडेना. रात्री धाकटा बघायला आला, तर थोरला खाटेवर ताठ बसलेला. आडवं झालं की जीव घुसमटतो म्हणाला. आवाज तोंडात गरम घास धरल्यासारखा. लाळ गिळता येत नव्हती, ती टॉवेलनं टिपत होता. "सकाळी जाऊ," तो खुणेनं म्हणाला.

धाकट्यानं थोरल्या भावाचं पहिल्यांदाच ऐकलं नाही. त्यानं १०८ ला फोन लावला आणि गाडीत त्याला आडवं न करता बसवूनच नेलं. मंगळवेढा मागे टाकून सोलापूर गाठेपर्यंत धाकट्याच्या तोंडातून शब्द निघाला नाही. दवाखान्यात आधी श्वासासाठी नळी घातली, मग जबड्याखाली छेद घेऊन पू काढला, दाढ काढली. रक्तात साखरही वाढलेली निघाली, तिचाही त्याला पत्ता नव्हता.

दाढेतून गळ्यात उतरणारा हा आजार जुना आहे. विल्हेल्म फ्रीडरिख फॉन लुडविग या जर्मन डॉक्टरांनी १८३६ साली त्याचं वर्णन केलं, म्हणून त्याला त्यांचं नाव आहे. बहुतेक वेळा त्याची सुरुवात खालच्या किडक्या दाढेपासून होते. जिभेखालची जागा सुजून जीभ वर आणि मागे ढकलली जाते आणि श्वासाची वाट बंद होत जाते. प्रतिजैविकं नव्हती तेव्हा निम्म्याहून अधिक रोगी दगावत. आज वाचतात, पण वेळेत पोचले तर. दाढेच्या दुखण्यात ताप आला, सूज गळ्याकडे उतरली, तोंड उघडेना, गिळता येईना, तर तो दातांचा दवाखाना सकाळी उघडण्याची वाट बघण्याचा आजार नव्हे. ज्या मोठ्या रुग्णालयात रात्रीही डॉक्टर असतात तिथं त्याच घटकेला निघायचं.

थोरला वाचला. अतिदक्षता विभागातून बाहेर आला तेव्हा अंगावरचं मांस उतरलं होतं, हनुवटीखाली पट्टी होती. ट्रक त्याच्याविना भरून गेला होता, मालही विकला गेला होता, भावही बरा मिळाला होता. धाकट्यानं मालाच्या विक्रीपट्टीचा कागद त्याच्या हातात दिला. थोरल्यानं तो वाचला आणि बराच वेळ बोलला नाही. मग म्हणाला, "मी नसतो तरी माल गेलाच असता की."

पुढच्या बहाराला, ऐन तोडणीत, बायको पाणी पिता पिता थबकली. थोरल्यानं विचारलं, "काय झालं?"

"काही नाही. दाढेला जरा गार लागतंय. होईल बरं."

मजूर बागेत आले होते, क्रेट मांडले होते. थोरल्यानं धाकट्याला हाक मारून तोडणी त्याच्यावर सोपवली आणि बायकोला मोटारसायकलवर बसवलं. ती वाटभर म्हणत होती, एवढ्याशा दुखण्याला काय घाई, लोक काय म्हणतील, माल तसाच टाकून आलात.

डॉक्टरीणबाईंनी दाढ तपासली, फोटो काढला.

"कधीपासून लागतंय?"

"कालपासून," थोरल्यानंच उत्तर दिलं.

"मग नुसतं सिमेंट भरून भागेल. नसेपर्यंत गेलेलं नाही. बसा बाहेर, अर्ध्या तासात सोडते."