मागे राहिलेला म्हातारा

दिवाळी सरली की अमडापुरातून चिखलीकडे जाणाऱ्या एसटीत पुण्याच्या बॅगा चढतात. चाकणला कामाला लागलेली पोरं निघून जातात आणि ओट्यावर म्हातारे उरतात. सोयाबीनला काय भाव आला, ही पुढची काळजी त्यांची. हे पाहिलं की मला नाना पळशीकर आठवतात.

नाव आज सांगावं लागतं. चेहरा दाखवला की जुनी माणसं लगेच ओळखतात. हाडकुळा देह, कुणाचं तरी देणं लागत असल्यासारखी नजर. 1935 च्या ‘धुवांधार’पासून जवळपास अर्धशतक हा मराठी माणूस हिंदी पडद्यावर वावरला. (पळशी नावाची गावं आमच्या जिल्ह्यातही आहेत, पण तेवढ्यावरून नानांना बुलडाण्यात ओढणं बरं नव्हे.)

बिमल रॉय यांच्या ‘दो बीघा जमीन’मध्ये (1953) ते शंभूचे म्हातारे वडील झाले. शंभू झालेल्या बलराज साहनींहून नाना जेमतेम पाच-सहा वर्षांनी मोठे. शंभूच्या हिशेबाने कर्ज 65 रुपये, जमीनदाराच्या वहीत ते 235 च्या घरात. ते फेडायला शंभू कलकत्त्याला जाऊन रिक्षा ओढतो. कॅमेरा त्याच्यामागे शहरात जातो, आणि जाणारच. सिनेमाला चालता माणूस लागतो. पण ज्या जमिनीसाठी ही धावपळ, तिच्यापाशी थांबलाय म्हातारा. त्याच्या वाट्याला प्रसंग थोडे. त्या थोडक्यात घराचं वजन उभं राहिलं नाही, तर शंभूची रिक्षा नुसतीच रिक्षा उरते. चरित्र अभिनेत्याचं खरं काम मला हेच वाटतं: नायक ज्याच्यासाठी धावतो, ते खरं वाटायला लावणं.

यावर कुणी म्हणेल, नाना आयुष्यभर एकच गरीब म्हातारा करत राहिले. आरोप अगदी खोटा नाही. धंद्याला एकदा चेहरा सापडला की तो दुसरं काही मागत नाही. पण बी. आर. चोप्रांचा ‘कानून’ पाहा. एकही गाणं नसलेला, फाशीच्या शिक्षेवर वाद घालणारा हा सिनेमा. वकील-न्यायाधीशांची भाषणं जोरदार आहेत, तरी निरपराध माणूस फासावर जाऊ शकतो ही भीती पोटात उतरते ती पिंजऱ्यातल्या भुरट्या चोराकडे बघून. तो चोर म्हणजे नाना. ते दयेची भीक मागत नाहीत, म्हणून दया येते. या भूमिकेला फिल्मफेअर मिळालं. पुढे ख्वाजा अहमद अब्बास यांच्या ‘शहर और सपना’साठी पुन्हा. दोन्ही वेळा ‘सहाय्यक’ अभिनेता म्हणून. ‘कानून’मध्ये कोण कुणाला सहाय्य करत होतं, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

मराठी सिनेमाचा इतिहास सांगताना आपण त्यांना हिंदीचे म्हणून सोडतो. हिंदीवाले नायकांच्या आठवणींत रमतात. दोघांच्या मध्ये नाना राहून गेले.

गोविंद निहलानींच्या ‘आक्रोश’मध्ये (1980) ते पुन्हा बाप आहेत. मुलगा लहान्या तुरुंगात, म्हातारा झोपडीत. ओम पुरींचा लहान्या जवळपास सिनेमाभर तोंड उघडत नाही. बापाच्या अंत्यसंस्काराला त्याला बेड्या घालून आणतात, आणि तिथे तो ओरडतो.

त्यानंतर चार वर्षांनी, 1984 मध्ये, नाना पळशीकर वारले.