जोडी कोणाची?

क्रिस्ट आणि सिंगटो हे दोन थाई नट २०१६ साली ‘सोटस’ या मालिकेत पहिल्यांदा एकमेकांच्या प्रेमात पडले. इंजिनीअरिंग कॉलेज, सीनियर-ज्युनियर, रॅगिंग, म्हणजे आपल्यापैकी अर्ध्या लोकांना तोंडपाठ असलेलं सगळं, फक्त शेवट वेगळा. २०१८ साली ‘आवर स्काय’ आली. पाच छोट्या गोष्टी, पाच जोड्या, सगळ्या आधीच्या मालिकांतून उचललेल्या. त्यात हे दोघं पुन्हा होते. आणि ‘सोटस’नंतर नऊ वर्षांनी, २०२५ मध्ये, ‘द एक्स-मॉर्निंग’मध्ये परत तेच दोघं, या वेळी दुरावलेले जुने प्रेमी म्हणून.

गोष्ट बदलते, पात्रांची नावं बदलतात, जोडी तीच राहते. थाई लोक अशा जोडीला ‘खू-जिन’ म्हणतात. कल्पनेतली जोडी. शब्द प्रामाणिक आहे. पण फॅन मंडळींची कल्पना मालिकेबरोबर संपत नाही. मुलाखतीत कोण कोणाकडे कसं बघतं, विमानतळावर बॅग कोणी धरली, यावर रात्र-रात्र चर्चा होते. त्यातल्या एखाद्याला खऱ्या आयुष्यात मैत्रीण आहे असं कळलं, की तेच प्रेमळ लोक फसवणूक झाल्यासारखे चवताळतात. घाटकोपर-अंधेरी मेट्रोत शेजारच्या मोबाइलमध्ये डोकावलं (गर्दीत डोकावावं लागत नाही, तो आपल्याच नाकासमोर असतो), तर या मालिका इथेही किती बघितल्या जातात ते दिसतं. म्हणून हा प्रश्न फक्त बँकॉकचा नाही. आपण एखाद्या जोडीवर प्रेम केलं, म्हणजे त्या दोन माणसांवर आपला हक्क तयार होतो का?

मराठी प्रेक्षकाला हा प्रश्न नवा नसावा. ८ जुलै १९२१ ला मुंबईत टिळक स्वराज्य फंडासाठी ‘संयुक्त मानापमान’ झालं. एकमेकांशी स्पर्धा करणाऱ्या दोन कंपन्यांचे दोन नायक एका रंगमंचावर आले. बालगंधर्व भामिनी, केशवराव भोसले धैर्यधर. दोन पुरुष एकमेकांवरचं प्रेम गात होते आणि सगळी मुंबई तिकिटासाठी धडपडत होती. तीनच महिन्यांत केशवराव गेले, वय अवघं एकतीस. शंभर वर्षं उलटली तरी त्या रात्रीचं नाव निघतंच. ‘एकच प्याला’मध्ये सिंधू बालगंधर्व आणि सुधाकर गणपतराव बोडस. तीही जोडीच. त्या सिंधूसाठी रडणाऱ्या बायका घरी जाऊन बालगंधर्वांसारखं लुगडं नेसायचा प्रयत्न करत.

इथे कोणी म्हणेल, ती तुलना चुकते, भामिनी बाई होती. बरोबर आहे. शालूने परवानगी दिली होती. थाई मालिकेत दोघंही शर्ट-पँटमध्ये असतात, आणि हा फरक छोटा नाही. मला बोलायचंय ते प्रेक्षकाबद्दल.

‘मानापमान’च्या पहिल्या प्रयोगाच्या दिवशी, १९११ साली, बालगंधर्वांची लहान मुलगी वारली. प्रयोग झाला. ही आठवण आपल्याकडे कौतुकाने सांगितली जाते. ‘रसिक मायबाप’ वगैरे. मला ती ऐकताना दरवेळी त्या मायबापांचा राग येतो. पुढे १९३५ साली प्रभातच्या ‘धर्मात्मा’त ते एकनाथ झाले, म्हणजे पुरुषाच्या वेषात आले. लोकांना ते रुचलं नाही. सिनेमाचा रस्ता फार पुढे गेला नाही आणि पन्नाशीला आलेला तो माणूस पुन्हा शालू नेसून रंगमंचावर उभा राहिला. कर्ज होतं, हट्ट होता, कलेची ओढही होतीच. पण त्यांना दुसरं काही होऊ द्यायला आपण तयार नव्हतो, हेही होतं.

ही झाली लाडाची बाजू. दुसरी बाजू गणपत पाटलांची. तमाशापटांतला नाच्या म्हटलं की अजूनही त्यांचाच चेहरा समोर येतो. बायकामुलं असलेला हा संसारी माणूस. लोक त्यांना पडद्याबाहेरही नाच्याच समजत राहिले, हसत राहिले. एकाला आपण शालूत अडकवलं, दुसऱ्याला टाळीत. संगीत नाटकातल्या पुरुषाचं बाईपण ‘दैवी’ ठरलं, तमाशातल्याचं थट्टेचा विषय. यात जातीचा आणि तिकिटाच्या दराचा वाटा किती, हे स्वतंत्र लेखाचं काम आहे. पण सुटका दोघांचीही झाली नाही.

आता एका मित्राबद्दल. तो आणि त्याचा जोडीदार बोरिवलीत भाड्याने राहतात. अकरा महिन्यांचा करार, दर वेळी नवा. ब्रोकरचा पहिला प्रश्न ठरलेला, ‘फॅमिली की बॅचलर?’ हे दोघं ‘बॅचलर, रूममेट’ असं सांगतात. घरमालक यायचा असला की दुसऱ्या खोलीत गादी अंथरायची, तिच्यावर चुरगळलेली चादर टाकायची, दोन-तीन पुस्तकं उशाशी ठेवायची. लिफ्टमध्ये शेजारच्या काकू भेटल्या की दोघांमध्ये हातभर अंतर.

त्याला मी एकदा विचारलं, तू या थाई मालिका का बघत नाहीस? तो म्हणाला, ‘ते दोघं दिवसभर जोडी असल्याचं नाटक करतात आणि रात्री आपापल्या घरी जातात. आमचं उलटं आहे. आम्ही दिवसभर जोडी नसल्याचं नाटक करतो. मला घरी आल्यावर परत नाटक बघायचं नसतं.’

त्याच्या सोसायटीतल्या एका मुलीच्या मोबाइलवर अशाच एका जोडीचा वॉलपेपर आहे. तिला हा कधी सांगेल का? सांगणार नाही. तिच्यावर अविश्वास नाही, पण तिची आई सोसायटीच्या कमिटीवर आहे.

म्हणून या मालिकांना फालतू म्हणावं, असं मला वाटत नाही. तेंडुलकरांच्या ‘मित्राची गोष्ट’मध्ये, १९८१ साली, मित्राचा शेवट आत्महत्येत होतो. सचिन कुंडलकरांच्या ‘कोबाल्ट ब्लू’त, २००६ साली, प्रियकर निघून जातो आणि मागे उरलेले भाऊ-बहीण आपापली जखम चाटत बसतात. दोन्ही कलाकृती मोठ्या आहेत. पण सोळा वर्षांच्या मुलाला कधीतरी असंही बघायला मिळायला हवं, की दोन मुलं भांडतात, समजूत निघते आणि जेवायला बसतात. ते थायलंडने दिलं. तिथे २३ जानेवारी २०२५ पासून समलिंगी विवाह कायदेशीर झाला. आपल्याकडे २०१८ साली गुन्हा नाहीसा झाला आणि १७ ऑक्टोबर २०२३ ला सर्वोच्च न्यायालयाने लग्नाचा मूलभूत हक्क नाकारला. मालिकांमुळे कायदा झाला असं मी म्हणणार नाही. कायद्यामागे तिथल्या कार्यकर्त्यांची कित्येक वर्षं आहेत. मालिका बघून आपण मोकळ्या मनाचे झालो, हेही मी लगेच मान्य करणार नाही. पडद्यावरच्या जोडीसाठी आपल्याला काहीच मोजावं लागत नाही. कमिटीच्या मीटिंगमध्ये ‘बॅचलर नकोत’ असा ठराव आला, की मोजावं लागतं.

आणि नटांचं म्हणाल, तर त्यांनी काम केलं, आपण ते बघितलं, हिशेब तिथे मिटला. एखाद्याला मैत्रीण असेल. एखादा खरंच त्याच्या सहनटाच्या प्रेमात असेल आणि त्याला ते कोणालाही सांगायचं नसेल. त्याला लपायला जागा हवी असेल, तर ती आपण विमानतळावरचे फोटो झूम करून काढून घेतो. माझ्या मित्राच्या घरातली ती दुसरी गादी नीट बघायला कोणी आलं, तर त्याचं काय होईल, ते मला माहीत आहे.

२०२५ च्या सप्टेंबरात रोहन कानवडे यांचा ‘सबर बोंडं’ इथल्या थिएटरांत लागला. त्याच वर्षी सनडान्सला त्याला परदेशी चित्रपटांच्या कथापट विभागाचं सर्वोच्च पारितोषिक मिळालं होतं. वडील गेल्यावर दहा दिवसांच्या दुखवट्यासाठी मुंबईहून गावी आलेला आनंद आणि गावातला त्याचा बालमित्र बाळ्या. भूषण मनोज आणि सूरज सुमन यांनी ही कामं केली आहेत. मित्र आणि त्याचा जोडीदार दुपारचा शो बघून आले. बाहेर पडल्यावर जोडीदार म्हणाला, हे दोघं पुन्हा एकत्र दिसायला हवेत, दुसऱ्या एखाद्या गोष्टीत.

‘नको,’ मित्र म्हणाला. ‘त्यांना दुसरी कामं मिळू देत.’ मग दोघं रिक्षा शोधायला लागले.