श्यामच्या आईची काळजी

दापोली तालुक्यातल्या पालगडच्या यशोदा साने महाराष्ट्राची आदर्श आई ठरल्या, त्या मुलाच्या लेखणीमुळे. साने गुरुजींनी १९३३ मध्ये नाशिकच्या तुरुंगात ‘श्यामची आई’ लिहिलं. १९५३ साली आचार्य अत्र्यांनी त्यावर चित्रपट काढला. आजही रत्नागिरीतल्या एखाद्या तरुण आईला, मुलावर ओरडून झाल्यावर, आपण त्या मापात बसत नाही असं वाटतं.

पण पुस्तक नीट वाचावं. कर्ज, सावकाराचा तगादा, आजारपण. ही बाई सतत काळजीत आहे, रडतेही. शिवाय कथा सांगतो तो मुलगा. आईच्या स्वतःबद्दलच्या शंका तिच्या शब्दांत आपल्यापर्यंत आलेल्याच नाहीत.

याच जिल्ह्याचा दुसरा तुरुंगग्रंथ म्हणजे रत्नागिरीत १८५६ साली जन्मलेल्या टिळकांनी मंडालेत लिहिलेलं ‘गीतारहस्य’. अधिकार कर्मावर, फळावर नाही, हा गीतेचा विचार पाळण्याजवळ फार अवघड होतो. मूल म्हणजे फळ का? भरवणं, ताप पाहणं, जवळ घेणं आईच्या हाती. ते पुढे कसं निघेल, हे नाही. मग त्याचा सगळा दोष तिनं स्वतःकडे का घ्यावा?

इथेही एक मर्यादा आहे. बाळंतपणानंतरचं नैराश्य हा आजार आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते विकसनशील देशांत प्रसूतीनंतर सुमारे २० टक्के स्त्रियांना मानसिक आजार गाठतो. अशा बाईला तत्त्वज्ञान ऐकवणं क्रूरपणाचं आहे. सासूनं, नवऱ्यानं बाळ घ्यावं, तिला झोपू द्यावं, डॉक्टरांकडे न्यावं. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा १४४१६ हा क्रमांकही आहे.